हातभर

कारखान्याचा माणूस आला तेव्हा
मी तगारीत सिमेंट कालवत होतो.
त्यानं एक पांढरी फरशी उन्हात धरली,
म्हणाला, एवारिस्तो, ही धूर खाते.
मी म्हटलं, मग आमच्या मेक्सिको शहरात
ही उपाशी मरायची नाही.

शाळेची मागची भिंत. पलीकडे आठ पदरी रस्ता,
डिझेलचे ट्रक, मिनीबसचे काळे उसासे,
आणि दोन हजार मीटरांवरचं ऊन,
कपाळात खिळा ठोकावा तसं.
ऊन हवंच, तो म्हणाला. उन्हानं ती जागी होते,
धुरातलं विष मोडते,
त्याचं चिमूटभर मीठ करते,
आणि स्वतः जराही खर्च होत नाही.

माझी थापी दर दोन वर्षांनी झिजते.
गुडघ्यांचं तर विचारूच नका.

अकराशे चाळीस फरश्या बसवल्या.
ओळंबा धरून, सांधे भरून,
कोपऱ्यातल्या चार हातानं कापून.
लोक म्हणाले, नगरपालिकेनं चुना लावला.
मी तीस वर्षं चुना लावतोय, पण भिंतींना.
ह्या खेपेला मात्र
मलाही नीटसं सांगता येईना
कोणाला लावला ते.

फेब्रुवारीत भिंत करडी पडली.
पाऊस मे महिन्याआधी नाही,
आणि मीठ धुतलं नाही
तर फरशीची भूक मरते.
धुणार कशानं? नळ कोरडे, टँकर गुरुवारी,
तोही आला तर.
शाळेची राखणदार एर्मेलिंदा कुआउत्ले
रोज संध्याकाळी दोन बादल्या घेऊन उभी राहायची,
घरच्या कपड्यांचं खळबळलेलं दुसरं पाणी.
दोन बादल्यांत सहा ओळी होतात.
बाकीच्या उद्या, म्हणायची, भिंत कुठे पळून जातेय.

मग विद्यापीठातून ब्रिसेइदा आली,
खांद्याला पेटी, पेटीला नळी.
भिंतीला चिकटून मोजलं: आकडा उतरला.
हातभर दूर सरकून मोजलं: थोडा उतरला.
रस्त्याच्या कडेला मोजलं,
पेटीला भिंतीचा पत्ताच नव्हता.
तिनं हे हळू आवाजात सांगितलं,
दवाखान्याबाहेर नातेवाइकांना सांगतात तसं.

मी खाली बसलो.
अकराशे चाळीस.
एर्मेलिंदानं मात्र विचारलं,
हातभर म्हणजे कोणाचा हात? तुझा की माझा?
ब्रिसेइदा हसली. मग तिला कळलं, बाई हसत नाहीये.
तिनं आपला हात भिंतीला लावून ताणला,
बोटांच्या टोकापाशी खडूनं रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी निरोप आला: पाना घेऊन ये.
शाळा सुटल्यावर छोटी पोरं बसची वाट बघतात
तो बाक रस्त्याकडेला होता,
चार बोल्टांवर, गंजून जमिनीशी एकजीव झालेला.
तीन सुटले, चौथा कापावा लागला.
बाक आम्ही ओढत आणला,
रेघेच्या आत,
पाठ थेट भिंतीला.

एवढंच.
रस्ता तसाच. ट्रक तसेच.
हातभर हवेत किती श्वास मावतात
ह्याचं गणित माझ्याकडे नाही,
ब्रिसेइदाच्या पेटीतही नसावं.
पण आता कोणी विचारलं, काय केलंत,
तर मी हातभार म्हणत नाही, तो शब्द मोठा आहे.
एक काना काढून टाकतो.
हातभर, म्हणतो.

काल तिथून जाताना थांबलो.
बाकावर सात पोरं, दप्तरं मांडीवर.
त्यातला सर्वांत बारका, गिल्डार्दो,
उठून भिंतीला जीभ लावून बघत होता.
खोटं! ओरडला, मीठबीठ काही नाही!

एर्मेलिंदानं रिकामी बादली उपडी ठेवली,
ओले हात झग्याला पुसले.
नसणारच, म्हणाली. ती ओळ आत्ताच धुतलीय.
जा, त्या टोकाची चाट.